इंजिन बंद, इग्निशन ऑन

हातातला पाना खाली ठेवा आणि बसा. निदान पहिला अर्धा तास काही खोलायचं नाही, काही बदलायचं नाही. शर्यतीसाठी बांधलेली एक जुनी मारुती जिप्सी डोळ्यांसमोर आणा. पुण्याबाहेरच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये ती रात्रभर उभी आहे. इंजिन चालवणारा कंपनीचा संगणक, म्हणजे ईसीयू, काढून त्या जागी मेगास्क्वर्ट नावाचा बाहेरून बसवायचा ईसीयू बसवलाय आणि त्याची वायर लॅपटॉपला जोडली आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, म्हणून ही गाडी मैदानातलीच राहू द्या.

तिचं दुखणं असं आहे. सकाळी ती नीट सुरू होते. गरम झाली की धुराला काळपट छटा येते, पेट्रोलचा वास येतो, प्लग काढून पाहिले तर काजळलेले निघतात. शिवाय एकसारख्या वेगाने चालताना मधूनच झटका बसतो. शेडमधला अनुभवी माणूस म्हणेल, सेन्सर गेलाय. कुठला, असं विचारलं तर म्हणेल, लॅम्डा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) बदलून बघू.

समजा लॅम्डा बदलला आणि काजळी तशीच राहिली. मग जुना बहुधा ठीक होता एवढंच कळलं, आणि त्यासाठी काही हजार रुपये गेले. समजा काजळी गेली. तरी दोष लॅम्डाचाच होता असं म्हणता येत नाही. बदलताना कपलर निघाला, पुन्हा घट्ट बसला, एखादी पिन घासली गेली आणि तेवढ्यानेच फरक पडला, असंही असू शकतं. दोन्ही वाटांनी आपण जवळपास होतो तिथेच उरतो. हा विचार घाईघाईने पुढे ढकलू नका. तो नीट मुरला, तर पुढचं सगळं सोपं जातं.

आता किल्ली फिरवा, पण इग्निशन ऑनपर्यंतच. सेल्फ मारू नका. इंजिन थंड आणि स्थिर आहे, सेन्सर मात्र जागे झालेत. स्क्रीनवर आकडे उमटतात: पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्डमधला दाब, थ्रोटल किती टक्के उघडा आहे ते. यातला एकच आकडा घ्या, पाण्याच्या तापमानाचा. बाकीचे राहू द्या.

समजा तो ३० दाखवतोय. हा ३० आला कुठून? इंजिनमधल्या सेन्सरला तापमान हा शब्दच माहीत नाही. त्याच्याजवळ फक्त विद्युतरोध आहे, तापला की कमी होणारा. मेगास्क्वर्टच्या आत ५ व्होल्टवरून २,४९० ओहमच्या रेझिस्टरमधून एक वायर सेन्सरकडे जाते आणि सेन्सरमधून परत जमिनीला, म्हणजे अर्थला. दोघांच्या मधल्या ठिकाणी जो व्होल्ट उरतो, तेवढाच संगणकाला दिसतो. जीएमच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, नमुन्याचा सेन्सर ३० अंशांना २,२३८ ओहम असतो, म्हणून मधल्या ठिकाणी सुमारे २.३७ व्होल्ट मिळतात. ९९ अंशांना तोच सेन्सर १७७ ओहमवर येतो आणि व्होल्ट ०.३३ पर्यंत उतरतात. मग संगणक एक तक्ता उघडतो आणि या व्होल्टला अमुक अंश म्हणायचं हे त्यातून वाचतो. तो तक्ता माणसाने भरलेला असतो. म्हणजे स्क्रीनवरच्या ३० मध्ये सेन्सर आहे, दोन वायरी आहेत, कपलर आहे, अर्थ आहे आणि कोणीतरी भरलेला तक्ताही आहे. 'सेन्सर गेलाय' म्हणताना आपण या पाचांपैकी एकावर बोट ठेवतो आणि उरलेल्या चौघांना न विचारताच सोडून देतो.

कंपनीच्या ईसीयूत ही साखळी असतेच, पण ती मालकाला दिसावी म्हणून तो बनवलेला नसतो. गाडी रस्त्यात बंद पडू नये आणि धूर मर्यादेत राहावा, हे त्याचं काम. पाण्याचा सेन्सर तुटला तर तो स्वतःच एक ठरावीक तापमान धरून चालतो, पंखा लावून ठेवतो, चेक लाईट पेटवतो. प्रवासी घरी पोचतो, हे चांगलंच आहे. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने ही स्वयंनिदानाची सोय गाड्यांना सक्तीची झाली. स्कॅनर लावला की कोड मिळतो. पण पी०१७१ या कोडचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी वाटतंय, एवढाच आहे. हवा कुठून गळतेय, पंप मंद झालाय की सेन्सर चुकतोय, हे तो सांगत नाही. तरीही कितीतरी ठिकाणी हा कोड दिसला की लॅम्डाची ऑर्डर जाते.

ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकी अभियंत्यांनी २००१ मध्ये मेगास्क्वर्ट लोकांपुढे आणला, तेव्हा तो सुट्या भागांच्या रूपात मिळायचा. घेणाऱ्याने स्वतः सोल्डर करायचं, सर्किटचा नकाशा समोर ठेवून. त्याच्या या घडणीबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्याने तो २,४९० ओहमचा रेझिस्टर स्वतःच्या हाताने बोर्डावर बसवलाय, त्याला स्क्रीनवरचा आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. आजचे बाहेरून बसवायचे ईसीयू बहुतेक तयारच येतात, पण तक्ते अजूनही आपणच भरतो आणि प्रत्येक सेन्सरचा लॉग सेकंदाला अनेकदा नोंदवून घेऊ शकतो. इंजिन नीट लावण्यासाठी लोक हे यंत्र घेतात. माझ्या मते त्याचा मोठा उपयोग निदानाचा आहे, आणि तो बहुतेकांच्या हातून राहून जातो.

पुन्हा त्या ३० कडे या. गाडी रात्रभर उभी आहे. पाणी, तेल, लोखंड, हवा, सगळं एकाच तापमानाला आलंय. मग पाण्याचा आकडा आणि आत येणाऱ्या हवेचा आकडा एकमेकांना जुळायला हवेत, आणि दोन्ही शेडमधल्या भिंतीवरच्या थर्मामीटरला. सेन्सरला असा प्रश्न विचारायचा की ज्याचं उत्तर आपल्याला त्याच्याशिवाय माहीत आहे. त्याने ते दिलं तर विश्वास थोडा वाढतो. पूर्ण नाही, थोडाच. का, ते पाहण्यासारखं आहे.

या जिप्सीत मात्र हवा ३० दाखवतेय आणि पाणी २५. पाच अंशांचा फरक. थंड इंजिनावर कोणी लक्षही देणार नाही. पण समजा कपलरच्या एका पिनवर हिरवट गंज आहे आणि त्याने वाटेत ५०० ओहम वाढवलेत. थंड इंजिनात २,२३८ चे २,७३८ होतात. तक्ता म्हणतो, साधारण २५ अंश. आता तेच ५०० ओहम गरम इंजिनात न्या. १७७ चे ६७७ होतात, आणि ६७७ ला तक्ता म्हणतो, ६० अंश. गंज तेवढाच आहे, वायर तीच आहे. सकाळी त्याने पाच अंशांचं खोटं सांगितलं, दुपारी जवळपास चाळीस अंशांचं.

इथे रेंगाळा, कारण या गाडीचं बहुतेक दुखणं याच ठिकाणी आहे. संगणकाला वाटतं इंजिन अजून ६० अंशांवर आहे, तापायचंय. म्हणून तो तापवणीचं जादा पेट्रोल देत राहतो. या गाडीच्या तक्त्यात ६० अंशांसाठी १५ टक्के जादा लिहिलंय असं धरा. ते १५ टक्के आता कायमचे. प्लग काजळले ते यामुळे. आणि एक गोष्ट याहून गंभीर आहे. रेडिएटरचा पंखा ९५ अंशांना लाव, असं संगणकाला सांगितलं असेल, तर त्याच्या दृष्टीने ९५ कधी येतच नाहीत. खरं पाणी उकळीच्या दिशेने चाललंय आणि पंखा स्तब्ध आहे. वायर पूर्ण तुटली असती तर आकडा उणे ४० दाखवून ओरडला असता आणि कोणाच्याही लक्षात आलं असतं. मेलेल्या सेन्सरपेक्षा पटण्यासारखं खोटं बोलणारा सेन्सर जास्त घातक असतो, आणि तो थंड इंजिनावर सापडत नाही. थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून, गरम इंजिनावरच त्याला पकडावं लागतं.

याच्या अगदी उलट चित्रही मनात आणून पाहा. सेन्सर बॉशच्या नमुन्याचा आहे, २० अंशांना २,५०० ओहमचा, पण तक्ता जीएमचा राहिलाय, ज्यात २० अंशांना सुमारे ३,५०० लागतात. आता २० अंशांच्या सकाळी आकडा २७-२८ दाखवेल. १०० अंशांच्या आसपास मात्र बॉशचा १८६ ओहम आणि जीएमचा १७७, म्हणजे जवळपास एकच. थंडीत चूक, गरमीत बरोबर. सेन्सर निर्दोष, वायर निर्दोष, चुकला तो तक्ता भरणारा माणूस. कुठल्या टोकाला आकडा सुटतो एवढं शांतपणे पाहिलं, तर गंज आणि तक्ता यांतला फरक गाडीला हात न लावताच कळू शकतो. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

गंजाचा संशय पक्का करायला दोन रेझिस्टर पुरतात. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते काही रुपयांत मिळतात. सेन्सरचा कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूला, सेन्सरच्या जागी, २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. स्क्रीनवर ३० च्या आसपास आलं पाहिजे. मग १८० ओहमचा लावा. ९९ च्या आसपास आलं पाहिजे. १८० लावूनही स्क्रीन ६० म्हणत असेल, तर सेन्सर या गुन्ह्यात नव्हताच. दोष कपलरच्या वायरिंगकडच्या बाजूपासून संगणकापर्यंत कुठेतरी आहे. ९९ आले, तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या स्वतःच्या पिनांवर. एका कृतीने निम्मी गाडी संशयातून मुक्त झाली. असा दुभागणारा प्रश्न सापडेपर्यंत थांबणं, हे या कामातलं खरं कसब आहे असं मला वाटतं.

आता दाबाकडे वळा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते. म्हणून मॅप सेन्सरने, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने, त्या गावाच्या हवेचा दाब सांगायला हवा. मुंबईत समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल. पुण्यात साधारण ९५. हीच गाडी ट्रेलरवर महाबळेश्वरला नेली तर ८६ च्या आसपास. पुण्यात १०१ दाखवणारा मॅप सेन्सर चुकतोय, आकडा कितीही ओळखीचा वाटला तरी. इथे एक फसगत होते. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, त्यामुळे पुण्याच्या नावासमोरही तिथे १,०१० हेक्टोपास्कल दिसतात. त्याच्याशी तुलना करू नका. अनेक फोनमध्ये बॅरोमीटर असतो, तो जागेवरचा खरा दाब दाखवतो.

उभ्या गाडीत हे उत्तर बरोबर आलं तरी काम संपलं नाही. मॅपपर्यंत जाणारी रबरी नळी चिरली असेल तर बंद इंजिनात काहीच कळणार नाही, कारण आत आणि बाहेर दाब सारखाच. स्लोवर चालताना मात्र खऱ्या ४० च्या जागी ५० दिसतील, आणि संगणक तेवढ्या जास्त हवेसाठी पेट्रोल ओतेल. थंड-गरम, बंद-चालू अशा वेगवेगळ्या स्थितींत तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो, तो यासाठी.

यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडते. इंजिन गरम करून बंद करा, इग्निशन ऑन ठेवा आणि आकडे स्थिर दिसेपर्यंत वाट पाहा. आता हेडलाईट लावा. रेडिएटरचा पंखा हाताने चालू करा. आकड्यांवरून नजर हलवू नका. पाण्याच्या कपलरवर गंज नाही असं क्षणभर धरा. पाणी ९९ वरून ९१ वर आलं? त्याच क्षणी थ्रोटल शून्यावरून दोन टक्क्यांवर गेला? पाणी एका क्षणात आठ अंश थंड होत नाही आणि दिव्यांनी थ्रोटल उघडत नाही. दोन वेगळे सेन्सर एकाच क्षणी एकत्र हलले, तर दोघे एकदम बिघडले असं मानण्यापेक्षा दोघांमध्ये सामाईक काय आहे ते शोधावं. सामाईक आहे अर्थ. सेन्सरची अर्थ संगणकाकडे परत नेण्याऐवजी कोणीतरी इंजिनच्या ब्लॉकला बांधली आहे. पंख्याचा आणि दिव्यांचा प्रवाह बॅटरीकडे परतताना त्याच वाटेने जातो, आणि वाटेतला थोडा रोध ०.१ व्होल्ट खाऊन टाकतो. गरम पाण्याच्या ०.३३ व्होल्टमध्ये ०.१ मिसळला की आठ अंश गेलेच. अनेक मेगास्क्वर्टमध्ये मॅप सेन्सर डबीच्या आतच, बोर्डावर असतो. तो या सगळ्यात जागचा हलला नाही, तर संशय आणखी पक्का होतो: चूक डबीच्या बाहेरच्या अर्थमध्ये आहे. संदर्भाचे ५ व्होल्ट किंचित खालीवर झाले असते तर एवढं बिघडलं नसतं, कारण सेन्सर आणि मोजणारा, दोघांचं मोजमाप त्याच ५ व्होल्टवर चालतं. अर्थची चूक मात्र अशी वजा होत नाही. नवे सेन्सर डझनभर आणले तरी ती जाणार नाही.

मधूनच बसणाऱ्या झटक्याचं काय? सगळी लक्षणं एकाच कारणातून यायला हवीत, असा हट्ट मन धरतं. तो सोडा. इंजिन बंद ठेवून एक्सलेटर अगदी हळू दाबा, शून्यापासून शेवटपर्यंत, आणि थ्रोटलची रेघ पाहा. ती सरळ चढायला हवी. एका जागी ती खाली पडून पुन्हा वर आली, तर सेन्सरच्या आतला पट्टा तिथे झिजलाय. गाडी नेहमी ज्या वेगाने चालते, नेमक्या त्या जागी झीज जास्त असते. तिथे रेघ थरथरली की संगणकाला वाटतं चालकाने पाय दाबला, आणि तो पेट्रोलची एक जादा पिचकारी मारतो. हा सेन्सर मात्र बदलायचा, निःशंकपणे.

झटका रेघ सरळ असूनही बसत असेल, तर क्रँकच्या चाकाचा दातांचा लॉग घ्या. ३६ दातांच्या चाकातला एक दात मुद्दाम काढलेला असतो. लॉगमध्ये दर दोन दातांमधला वेळ एका उभ्या काडीने दिसतो. काड्या सारख्या, आणि दर फेरीला एक काडी दुप्पट उंच. सेल्फ मारताना सिलिंडर दाबाखाली आला की क्रँक मंदावतो, तेव्हा काड्यांची लाट होते. ती निरोगी आहे. एखादी काडी चुकीच्या जागी उंच दिसली, तर पुढच्या फेऱ्या बघा. दर वेळी त्याच दातावर असेल तर दात वाकलाय किंवा त्याला इजा आहे. दर वेळी नवीन ठिकाणी असेल तर वायर, कपलर, किंवा स्पार्कच्या वायरशेजारून नेलेली पिकअपची, म्हणजे क्रँकच्या सेन्सरची, वायर.

सगळ्यात शेवटी लॅम्डा, ज्याला पहिल्यांदा बदलायचं होतं. बॉशने हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांसाठी बाजारात आणला, आणि त्याच्यावर तेव्हापासून फार अन्याय झाला आहे असं मला वाटतं. तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सांगतो. पेट्रोल किती गेलं हे तो पाहतच नाही. ते आपण त्याच्या सांगण्यावरून अनुमानाने काढतो. एखादा प्लग पेटला नाही तर न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे जातो आणि लॅम्डा म्हणतो, पेट्रोल कमी आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तो तेच म्हणतो. दोन्ही वेळा त्याने खरंच सांगितलेलं असतं. आपला प्रश्न वेगळा होता.

या जिप्सीत गरम इंजिनावर तो ०.८७ दाखवतोय. १ म्हणजे मिश्रण नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त. १ ला ०.८७ ने भागा: सुमारे १.१५, म्हणजे १५ टक्के जादा. तापवणीच्या तक्त्यात लिहिलेले तेवढेच. प्लगची काजळी, पेट्रोलचा वास आणि लॅम्डा तिघे एकच सांगतायत, आणि बदलून बघायचं ठरलं होतं ते नेमकं या लॅम्डालाच.

मग संगणकाने लॅम्डाचं ऐकून पेट्रोल कमी का केलं नाही? सेटिंग बघा. लॅम्डाप्रमाणे सुधारणा पाणी ७० अंशांच्या वर गेल्यावरच सुरू कर, असं तिथे लिहिलेलं आहे. संगणकाच्या लेखी पाणी ६० च्या पुढे गेलंच नाही. सुधारणा चालू असती तर तिने ते १५ टक्के मुकाट्याने कापून टाकले असते, लॅम्डा १ दाखवत राहिला असता आणि पिनवरचा गंज आणखी एखादा पावसाळा कोणाला दिसला नसता. म्हणून निदान करताना ही सुधारणा हाताने बंद ठेवावी आणि इंजिन जसं आहे तसं दिसू द्यावं.

आता पाना उचला. पिन घासा, गंज खोलवर गेला असेल तर कपलरच नवा लावा, सेन्सरची अर्थ संगणकाकडे परत न्या, थ्रोटलचा सेन्सर बदला. एका वेळी एकच काम, आणि प्रत्येकानंतर तेच प्रश्न त्याच क्रमाने. शेवटी, गाडी ठीक चालत असताना, थंडपासून गरम होईपर्यंतचा एक पूर्ण लॉग काढून ठेवा. फाईलच्या नावात तारीख, गाव आणि त्या वेळचं हवेचं तापमान लिहा. पुढच्या वेळी काही खटकलं, तर तुलना करायला निरोगी इंजिनाचे आकडे हाताशी लागतील, आणि ते आजारपणात मिळवता येत नाहीत.